साडेचार की सहा

सर पुन्हा एकदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मागे वळून न बघताही तिला कळलं, कारण पेपरमिंटचा वास आला. आता "अगं बाई" येणार.

"अगं बाई, कर की जरा सहा."

"सर, सहा नाही करता येणार."

"का नाही? आकडाच तर बदलायचाय. साडेचार खोड, सहा लिही. त्याला काय अक्कल लागते?"

आकडाच तर बदलायचाय! तिने दात आवळले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. तिची चार वर्षं त्या एका आकड्यावर उभी होती.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ही माळ सरळ राहील तर शपथ. ती स्वतःभोवती गुंडाळी करून बसते, आणि माळेत एकमेकांपासून कोसभर लांब असलेले मणी अचानक शेजारी होतात. कोण कोणाला खेटून बसलंय, कोणाचा हात कोणाला लागतोय, हे शोधणं हा तिचा उद्योग. त्यासाठी तिने स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता, शेकडो प्रथिनांच्या रचना त्यातून चाळून काढल्या होत्या. नियम अगदी साधा: दोघांचे अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले तर संपर्क, नाहीतर नाही. सहा केले की अख्खं गाव एकमेकांचं सोयरं ठरतं, मग मोजायचं काय नि कशाला?

अँगस्ट्रॉम म्हणजे केवढा, असं ताईने एकदा विचारलं होतं. केसाच्या जाडीत पाच-दहा लाख मावतात, असं तिने सांगितल्यावर ताई हातातला शर्ट इस्त्रीखाली तसाच ठेवून बघत राहिली.

"आणि त्यातल्या दीडासाठी तुम्ही दोघं महिनाभर भांडताय?"

शर्टाची कॉलर करपली ती करपलीच. तो भाओजींचा होता. त्यांनीही दोष सरांनाच दिला.

तर भांडण असं. सरांनी तरुणपणी, स्वतः विद्यार्थी असताना, एका प्रथिनाची रचना शोधली होती. त्यात एक लायसिन नावाचं अमिनो आम्ल होतं, लांब हाताचं, धन भाराचं; आणि समोरच्या वळणावर ऋण भाराचं ग्लुटामिक आम्ल. हे दोघं एकमेकांना धरून ठेवतात म्हणून प्रथिनाचे दोन भाग सुटत नाहीत, असं सरांचं म्हणणं. सर त्यांना 'माझी जोडी' म्हणत. वर्गात शिकवताना, परिषदेत बोलताना, जेवताना, जोडी. आणि तिच्या प्रोग्रॅमने, मेल्याने, त्या दोघांमध्ये पाच पूर्णांक आठ अंतर दाखवलं आणि जोडी मोडून टाकली. प्रबंधात जोडी नाही म्हणजे प्रबंधावर सही नाही, असं सर तोंडाने कधी म्हणाले नाहीत. ते फक्त रोज येऊन "कर की जरा सहा" म्हणत.

इकडे तिचा जीव टांगणीला लागला होता. ती ताईकडे राहत होती. नवरा आणि पाच वर्षांची चिमणी दुसऱ्या शहरात, सासूबाईंपाशी. त्याच शहरातल्या कॉलेजात तिला नोकरी मिळाली होती, पण प्रबंध सादर केल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हते. सुट्टी संपली की कॉलेज उघडणार, आणि चिमणीची पहिली शाळाही. पोरीला शाळेत सोडायला आपण असावं, एवढंच तिला हवं होतं. त्याच्यापुढे जोडी गेली खड्ड्यात.

दुपारी चिमणीचा फोन आला.

"आई, तुझ्या सरांनी सही केली?"

"नाही गं राणी."

"मग मी बोलू का त्यांच्याशी? मी रागावते."

"रागवून उपयोग नसतो, बाळा," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतः मात्र जाम रागावली.

त्या रागाच्या भरातच तिने ठरवलं, की आता पुरे. जोडीचं एक भलंमोठं चित्र काढायचं, मध्ये लाल रेघ, रेघेवर पाच पूर्णांक आठ, आणि ते सरांच्या दारावरच चिकटवायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! चित्र उठावदार दिसावं म्हणून तिने प्रयोगातली मूळ निरीक्षणंही वर चढवली. ती पडद्यावर निळ्या जाळीसारखी दिसतात: जिथे अणू खरोखर दिसला, तिथे जाळी त्याला लपेटून बसते.

ग्लुटामिक आम्लाला जाळी होती. माळेलाही होती. लायसिनच्या खांद्यापर्यंत होती. आणि तिथून पुढे त्याचा तो लांब हात नुसत्या काळ्या पोकळीत आडवा पसरलेला.

जाळीच नाही. कोणी तो हात पाहिलाच नव्हता.

असं होतं. लायसिनचा हात सळसळता, एका जागी ठरत नाही, मग प्रयोगात तो पुसटून जातो. अशा वेळी काही जण हात खांद्यापाशीच तोडतात. काही जण तो अंदाजाने लावून देतात आणि त्या अणूंपुढे उपस्थितीच्या रकान्यात शून्य टाकतात; म्हणजे हे अणू दिसलेले नाहीत, हे जाणत्याने समजून घ्यावं. तिने रकाना पाहिला. शून्य, शून्य, शून्य.

ती उठली ती जवळजवळ पळतच निघाली. साडेचार की सहा म्हणे! ज्या हाताचा ठावठिकाणा नाही, त्याचं अंतर मोजत महिना घालवला या माणसाने! पण जिन्यापाशी तिचे पाय थबकले.

तिच्या प्रोग्रॅमने तो हात मोजला होता. पाच पूर्णांक आठ हे उत्तर त्यानेच दिलं होतं. म्हणजे तिचा प्रोग्रॅम उपस्थितीचा रकाना वाचतच नव्हता. आणि हे एकाच रचनेत थोडंच असणार? शेकडो रचना, त्यांत असे किती हात, आणि त्यांना धरून तिने किती संपर्क मोजलेत? सरांच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायला निघाली होती. स्वतःच्या डोळ्यात हे एवढं मुसळ.

ती परत येऊन खुर्चीत बसली. जाळी बंद करायला एक बटण पुरे होतं. मग सहा करायचे, सरांना त्यांची जोडी द्यायची, सही घ्यायची आणि बॅग भरायची. कोण बघायला येतंय? तिने माउसवर हात ठेवला. तिला चिमणीचं पाठीवरचं नवं दप्तर दिसलं, फोटोत दिसलं होतं तसं, पोरीपेक्षा मोठं.

पेपरमिंटचा वास आला.

"केलंस का सहा?"

हो म्हणायचं फक्त. एक अक्षर.

"सर," ती म्हणाली, "जरा बसा."

सर बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला, आणि पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"जाळीची पातळी खाली ने. पुसटसं असेल तेही दिसू दे."

तिने नेली.

"आणखी खाली."

"सर, आणखी खाली नेली तर रिकाम्या जागेतही जाळी उगवेल."

"ने तू."

तिने नेली. पडदाभर निळे ठिपके उगवले. हाताला मात्र एकही लागला नाही.

"हा हात मी लावलाय," ते शेवटी म्हणाले. "माझे सर म्हणाले होते, तुटका हात चित्रात बरा दिसत नाही. शून्य टाकलं होतं मी. मग चित्र इतक्यांदा दाखवलं, की शून्य विसरूनच गेलो." आणि तिला ज्याची धास्ती होती तो प्रश्न त्यांनी लगेच विचारला. "तुझा प्रोग्रॅम तो रकाना वाचतो?"

"नाही."

"बाकीच्या रचनांत असे किती असतील?"

"माहीत नाही. सगळं पुन्हा चालवावं लागेल. तपासायचं, तक्ते नवे, आकृत्या नव्या."

"मग आत्ता सही नाही करता येणार मला."

तिचा बांध फुटला. "महिनाभर अडवलंत तुम्ही मला, सर! सहा कर, सहा कर! तेव्हाच सही केली असतीत तर मी आज घरी असते. चुकीची का होईना, घरी असते! माझी पोरगी पहिल्यांदा शाळेत जाणार आहे, आणि मी इथे नसलेले हात मोजत बसणार!" ती रडत होती आणि आपण रडतोय याचाही तिला संताप येत होता.

सरांनी तिच्या टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि कॉलेजचा नंबर मागितला. सर कधी कोणाला फोन करत नसत. कोणापुढे शब्द टाकणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"प्राचार्य आहेत का? मी तिचा मार्गदर्शक बोलतोय... हो, प्रबंधाला उशीर होणार. नाही, तिच्यामुळे नाही. मी पूर्वी एका ठिकाणी नसलेला हात लावून ठेवला होता, आणि महिनाभर या मुलीला तो धरायला लावला... नाही, नाही, हात म्हणजे अणूंचा... अहो, ते नाही समजलं तरी चालेल, चूक माझी आहे एवढं समजा. तिला वेळेवर रुजू करून घ्या. प्रबंध सहामाही संपेपर्यंत देतो, माझा शब्द."

पलीकडचं बराच वेळ ऐकून त्यांनी फोन ठेवला.

"घेतायत. लेखी मागतायत, आजच पाठवतो. शाळेला तू जा. उरलेलं काम तिथून कर."

तिने ओढणीने नाक पुसलं. आभार मानावेत, की अजून थोडं ओरडून घ्यावं, तिला ठरवता येईना. सर उठले, दारापर्यंत गेले, आणि वळले.

"अगं बाई, एक लक्षात ठेव. नव्याने चालवशील तेव्हा अंतर साडेचारच ठेव. सहा म्हणजे फारच होतं."