बिअरचा बळी

रविवारी सकाळी मैदानावर पहिले ऊन येते ते डाव्या कुंपणावरच्या जाहिरातींवर. दंतवैद्याचे हसू, टायरच्या दुकानाचा पत्ता, अंत्यविधीवाल्यांची नम्र चौकट, असे एकेक उजळत जाते. मग ते दवाने जड झालेल्या गवतावर उतरते, तांबड्या मातीच्या कडेशी घुटमळते आणि रिकाम्या बाकांच्या पायऱ्या म्हाताऱ्यासारखे थांबत थांबत चढू लागते. निवेदकाच्या खोलीची काच सर्वांत वर. तिथे पोहोचायला त्याला दोन तास लागतात.

त्या रविवारी ते पोहोचले तेव्हा माझ्या कागदावर एकच नाव लिहिलेले होते: लेव्ही क्रुपका.

आमच्या वेदरबी गावाच्या बेसबॉल सामन्यांची एक प्रथा आहे. पाहुण्या संघातला एक फलंदाज निवेदक, म्हणजे मी, 'बिअरचा बळी' म्हणून जाहीर करतो. तो तीन चेंडू हुकवून बाद झाला, की पुढची दहा मिनिटे बिअर निम्म्या भावात. मग हजारभर माणसे एका माणसाच्या अपयशासाठी एका सुरात ओरडतात. चारचौघांत मला दोन वाक्ये जुळवता येत नाहीत. तो सूर मात्र माझ्या हाती असतो. अलिखित नियम एवढाच की, कधीकाळी आपल्याकडून खेळलेल्याचे नाव घ्यायचे नाही.

लेव्ही आमच्याकडून तीन उन्हाळे खेळला. छोट्या संघांतल्या खेळाडूंना गावातली घरे ठेवून घेतात. तो आमच्याकडे राहिला. माझ्या आईच्या टेबलाशी जेवला, मला गाडी चालवायला शिकवली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या संघाने त्याला मागून घेतले आणि एका सकाळी तो निघून गेला. निरोपही न घेता गेला, असे मी आईला सांगितले. मग साऱ्या गावाला.

माझ्या शेजारी बसून सामन्यात ऑर्गन वाजवणाऱ्या विल्माने कागद वाचला. "कॉर्विन, डोकं फिरलंय का तुझं? आपला पोरगा आहे तो."

"होता."

"तुझ्या आईनं त्याच्यासाठी पीच भरलेला गोड पाय भाजलाय, ठाऊक आहे ना?"

"मग गार होऊ दे."

"मी काही वाजवणार नाही बाबा," ती म्हणाली, आणि तिने खरेच हात मांडीवर ठेवले.

सहाव्या डावात मी ते नाव सावकाश, एकेक अक्षर चघळत उच्चारले. बाकांवर माना एकमेकांकडे वळल्या. "हे काही बरं नाही," कुणीतरी पुटपुटले. त्यावर खालून एक आवाज आला, "न सांगता पळालेला ना हा? मग बिअर पाज की रे आता." हशा पिकला, आणि हशाची आरोळी झाली. पहिले दोन चेंडू हुकले. तिसरा वळला. लेव्हीची बॅट हवा कापत फिरली, तो स्वतःभोवती गिरकी घेऊन गुडघ्यावर आला. लोक उभे राहिले. दोन वर्षे जिभेखाली धरलेले काहीतरी माझ्या तोंडात विरघळले. ते गोड होते.

आता आईने त्याला सुनावायचे तेवढे उरले होते. सामना संपल्यावर ते ऐकायला मी कठड्यापाशी उतरलो.

"मला एका शब्दानं सांगितलं नाहीस, लेव्ही," आई म्हणाली. पीचच्या पायचा डबा तिच्या हातातच होता.

त्याने टोपी काढली. "तुम्ही दवाखान्यात रात्रपाळीला होतात, मिसेस बेलिंग. तुम्हाला सांग म्हणून याच्या खोलीचं दार किती वेळ वाजवत होतो. न्यायला आलेला ड्रायव्हर बाहेर हॉर्न मारून शिव्या घालायला लागला, तेव्हा निघालो." मग माझ्याकडे वळून हसला. "मेल्यासारखा झोपतोस लेका. आणि बळी बरा निवडलास. वळणारा चेंडू मला अजून दिसत नाही."

त्याच्या आवाजात कसलाही राग नव्हता. आईने डबा त्याच्या हाती दिला आणि माझ्याकडे पाहिले.

त्या सकाळी मी जागा होतो.