माझ्या पोटातले सहाशे वर्षांचे इंग्रज

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मुळशीच्या या पडवीत पडलेली मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. पण एके काळी माझ्या पोटात सहाशे वर्षांपूर्वीचे इंग्रज राहत असत. ते भांडायला लागले की माझं झाकण आपोआप उडायचं. हसू नका!

पुण्याला रविवार पेठेत एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं. १९५१ साली हैबतरावांनी मला विकत घेतलं. समोर तांदूळ पाखडताहेत ना, त्या रंभाबाईंचे हे थोरले चिरंजीव. पुण्याच्या कॉलेजात ते जुनं इंग्रजी काव्य शिकवत; त्याची पुस्तकं माझ्या पोटात असत. वर्गात मोजून पाच विद्यार्थी.

"सर, मेलेल्या इंग्रजांच्या कविता शिकून आम्ही करायचं काय?" एकाने विचारलं.

हैबतरावांनी आधी आईची जात्यावरची ओवी म्हटली, मग सहाशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कविता. "ही ओवी नि ही कविता, दोघींनी पुस्तक पाहिलं नव्हतं," ते म्हणाले, "दोघी तोंडोतोंडीच जगल्या."

यावरच त्यांनी सात वर्षं प्रबंध लिहिला. तो जूनमध्ये दिला तर पदवी. नाही दिला तर हा वर्ग बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. १९५८च्या मे महिन्यात ती एकुलती एक हस्तलिखित प्रत माझ्यात घालून ते शेवटची पानं लिहायला गावी आले.

आता आमच्याकडची रीत ऐका. भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर शेण नि पालापाचोळा पसरून तो भाजतात, त्याला राब म्हणतात. दर उन्हाळ्यात हैबतराव कॉलेजातली रद्दी माझ्यात भरून आणत आणि रंभाबाई ती राब पेटवायला घेत. त्या वर्षी ते मला उघडण्याआधीच शाई आणायला पौडला गेले.

त्यांचे वडील गेणबा बांधावरून ओरडले, "अगं, वारा पडलाय तंवर पेटीव की! पोरानं रद्दी आनलीया का न्हाई?"

"आनलीया! औंदा लई हाय."

मी कडी दातांत घट्ट धरून ठेवली, मित्रांनो. "गंजली मेली," म्हणत रंभाबाईंनी ती विळ्याने उचकटली. त्या कागदांवर त्यांच्याच ओव्या होत्या. पण त्यांना अक्षर येत नव्हतं.

राब छान भाजला. रोपं अशी तरारली की झुळूक आली की इंग्रजीत कुजबुजायची. जून आला आणि गेला. वर्ग बंद झाला. पुढची दहा वर्षं हैबतरावांनी कॉमर्सच्या मुलांना अर्ज कसा लिहावा ते शिकवलं. माझ्यात बियाण्याचं भात आलं.

म्हणून सांगते, मित्रांनो, लिहिलेला कागद जाळण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि तुम्हाला अक्षर येत असेल, तर घरात ज्यांना येत नाही त्यांना आपलं लिहिलेलं वाचून दाखवा. हैबतरावांचं तेवढं मात्र राहून गेलं.

पण मनाला लावून घेऊ नका हं. त्या दिवशी पौडहून येऊन त्यांनी राब पाहिला, आणि असे खदखदून हसले, असे हसले, की धरणापलीकडच्या म्हशी दावी तोडून...

सूप थांबलं.

"खोटं!" रंभाबाई म्हणाल्या. "हासला कुटं त्यो? शाईची बाटली तशीच हातात. फतकल मारून राखंत बसला, आन् माजा हात उलटापालटा करून बघाया लागला. म्हनला, 'आये, तुला कुटं भाजलं तर न्हाई न्हवं?'"