न्हाणीवरचा दुधी

कोलशेतच्या शालूला आळशी म्हणायची कुणाची छाती नव्हती. दिवाळी सरली की ती आणि तिचा नवरा राघो पहाटे मिठागरावर जायचे, ते दिवेलागणीला परत. कल्याणला आगगाडी जायला लागून पंचवीसेक वर्षं झाली होती, पण बाईच्या मागची कामं काही कमी झाली नव्हती. अशा घरात भाजी लावणार कोण नि तिला पाणी घालणार कोण? म्हणून शालूने सोपं केलं. घरामागे न्हाणीच्या दगडाशी, जिथे आंघोळीचं पाणी वाहून जातं तिथे, दुधीच्या बिया टोचल्या आणि वेल छपरावर सोडून दिला. वेल असा माजला की छप्पर दिसेना. कुणी विचारलं तर शालू तोऱ्यात सांगायची, आपण काय बाई करत नाही, अंग धुतलं की बाग शिंपून होते.

बिया तिच्या आईने दिलेल्या. आई गेल्या पावसाळ्यात गेली आणि तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. म्हणून सगळ्यांत मोठा दुधी शालूने बियांसाठी वेलावरच राखला होता. गुढीपाडव्यानंतर एका संध्याकाळी ती घरी आली तर तो दुधी जागेवर नाही!

दिवसभर घरी असायची एकटी शेजारची गोदा, भिवाची बायको. माघात बाळंत झालेली, म्हणून यंदा आगरावर न जाणारी. झालं, शालूच्या डोक्यात दुसरं नाव आलंच नाही. आता जून झालेला दुधी शिजवून खाणारं माणूस अजून जन्माला यायचंय, हे तिला कळत नव्हतं थोडंच? पण राग डोक्यात गेला की माणसाला आपलीच अक्कल परकी होते.

सकाळी गावच्या विहिरीवर, सगळ्या बायकांच्या देखत ती गोदाला म्हणाली, "बालंतिनीला दुधी लागतो, म्हनून काय दुसऱ्याच्या वेलावर हात टाकाचा?"

गोदाने काही सांगायला तोंड उघडलं, पण शालूने तिला बोलूच दिलं नाही. गोदाने भरलेला हंडा तिथेच ओतला आणि दुपारी लेकरू घेऊन माजिवड्याला माहेरी निघून गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणून शालू तोंड वाकडं करून कामाला लागली.

दोन-चार दिवसांत वेल माना टाकू लागला. शालूला कळेना, न्हाणीचं पाणी असताना वेल सुकतो कसा? तिने वाकून बुंधा पाहिला. न्हाणीचा दगड कोरडा ठणठणीत. होळीपासून ती नवरा-बायको दोघं आगराच्या बांधावरच्या गोड्या विहिरीवर अंगाचं मीठ धुऊनच घरी यायची. या दगडावर कुणी तांब्याभरही पाणी ओतलं नव्हतं. मग वेल जगला कशावर? कुंपणाखालून फुटक्या कौलांची एक पन्हळ आली होती, थेट बुंध्यापर्यंत. ती गोदाच्या न्हाणीतून निघाली होती. गोदाचं लेकरू रोज न्हायचं आणि शालूची बाग शिंपली जायची.

तोंड लपवायला जागा असती तर शालू तिथेच लपली असती. ती तशीच भिवाच्या दारात गेली. आत चुलीवर, बाळाच्या जुन्या दुपट्याच्या झोळीत, दुधी टांगलेला होता.

भिवाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो म्हणाला, "उंदरांनी देठ कुरतडला व्हता. धुरावर ठेवला की बी टिकंल, बोलली. त्या सांजेला बाल रडत व्हता, म्हनून सकालला सांगनार व्हती."

आणि सकाळी काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शालू आगरावर गेली नाही. माजिवड्यापर्यंत चालताना तिने माफीचे शब्द जुळवले, पण अंगणात पाऊल ठेवलं आणि ती ते सगळे विसरली. गोदा पाय पसरून बसली होती, पायांवर लेकरू पालथं घालून त्याला न्हाऊ घालत होती. पाणी अंगणातून ओघळून धुळीत जिरत होतं. शालूची मान काही वर होईना.

गोदानेच विचारलं, "वेल जित्ता हाय का गो? हितं बालाचं पानी सगलं वाया जातंय."

हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शालूला वाटलं. तिला रडू फुटलं. तिथे अंगणात पाय धरले तरी ते फक्त गोदाच्या आईने पाहिलं असतं, आणि शालू बोलली होती ती विहिरीवर.

"उद्या सकालला विहिरीवर सांगतं मी," ती कशीबशी म्हणाली. "सगल्या जनी असतान तवा."

गोदाने रिकामा तांब्या पुढे केला. शालूने तो गरम पाण्याच्या हंड्यातून भरून तिच्या हातात दिला.