चाळीस पावलांवरची ताटली

वेंडेल स्ट्राउसनं आपलं पहिलं मोठ्या बोअरचं, जाड गोळीचं रिव्हॉल्व्हर निवडलं ते एकसष्टाव्या वर्षी, आणि चुकीचं निवडलं. वस्तू नामी होती. चुकला तो माणूस. आणि चुकला तो माहिती नसल्यामुळे नव्हे, कारण दुकानाची पायरी चढण्याआधी त्यानं दोन पुस्तकं आणि अकरा मासिकं पेन्सिलीनं खुणा करत वाचून काढली होती. पोस्टात बत्तीस वर्षं पत्रं लावण्यात गेलेला माणूस. कुठलीही गोष्ट योग्य खणात पडेपर्यंत त्याला चैन पडत नसे.

निमित्त होतं एर्व्हिन हाऊकचं. एर्व्हिन म्हणजे त्याच्या बहिणीचा, लोरेटाचा नवरा. कातडी कमावण्याच्या कारखान्यात जन्म काढला, आणि आता त्याच्या फुफ्फुसांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं, पानगळ बघतील, बर्फाचं सांगता येत नाही.

डोंगरावर नऊ जणांचा मिळून एक कॅम्प होता. लाकडी खोली, लोखंडी शेगडी, आणि महत्त्वाच्या दोन भिंती. उजव्या भिंतीवर शर्टांची शेपटं ठोकलेली असत. हरणावर झाडलेली गोळी ज्याची हुकली त्याच्या शर्टाचं मागचं टोक त्याच संध्याकाळी कापायचं आणि नावासकट भिंतीवर लावायचं, असा रिवाज. वेंडेलची चार होती. डाव्या भिंतीवर होत्या कागदी ताटल्या, सहलीत जेवायला घेतात तसल्या. रायफल कुणीही न्यावी, पण रिव्हॉल्व्हर घेऊन हरणामागं जायचं तर चाळीस पावलांवरच्या ताटलीत सहापैकी सहा गोळ्या, साक्षीदारासमोर, दर वर्षी. आणि ज्या काडतुसांनी शिकार करायची त्याच काडतुसांनी. साक्षीदार ताटलीवर सही करी. अठ्ठावीस वर्षांच्या अठ्ठावीस ताटल्या, सगळ्या एर्व्हिनच्या. कॅम्पात दुसरं कुणी या भानगडीत पडलंच नव्हतं.

"त्या बीचच्या झाडाच्या बुंध्यावर कुणीतरी बसायला पाहिजे," एर्व्हिन जुलैतल्या एका दुपारी पडवीत बसून म्हणाला. नाकात नळी, मांडीवर मक्याची कणसं सोलायला घेतलेली. "तिथून चाळीस पावलांपलीकडे दिसत नाही. तिथं रायफल घेऊन बसणं म्हणजे डास मारायला नांगर नेण्यासारखं."

"ऑर्विल बसेल."

"ऑर्विल घोरतो. तू बस. रिव्हॉल्व्हर घे, शिक, ताटली कर. मला एकदा दुसऱ्याच्या ताटलीवर सही करायची आहे, वेंडेल. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या घेतोय."

"तुझंच दे ना मग."

"हात बघ तुझे. पोस्टमास्तरणीचे हात. माझ्या रिव्हॉल्व्हरची मूठ मी माझ्या पंजासाठी घासलीय. स्वतःचं निवड."

वेंडेलनं मान डोलवली.  हा शब्द मोडायचा नाही, एवढं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं.

मिल्ट बाऊरच्या बंदुकांच्या दुकानात काचेच्या पेटीवर हिरव्या फडक्यावर चार रिव्हॉल्व्हरं मांडली गेली.

"वाचलंस किती?" मिल्टनं विचारलं.

"दोन पुस्तकं. अकरा मासिकं."

"आणि झाडलंस किती?"

"एकही नाही."

"वा. म्हणजे मतं भरपूर असतील." मिल्टनं पहिलं त्याच्या हातात दिलं. "हे थ्री-फिफ्टी-सेव्हन. हरणाला बेताचं आहे, जवळून आणि नीट मारलं तर पुरतं. पण हे हात शिकवतं. हे फॉर्टी-वन, माझ्या आवडीचं, पण काडतुसं शोधत टपालखात्यासारखं गावोगाव फिरावं लागतं. हा जुना लांब फॉर्टी-फाइव्ह. म्हाताऱ्या घोड्यासारखा आहे, ढकलतो, लाथ मारत नाही. आणि हे फॉर्टी-फोर मॅग्नम."

वेंडेलनं शेवटचं उचललं. साडेसात इंची नळी. वजन मनगटापेक्षा खांद्याला आधी कळलं.

"एर्व्हिनकडे हेच आहे ना?"

"एर्व्हिनकडे हे अठ्ठावीस वर्षं आहे," मिल्ट म्हणाला. "हे घ्यायचंच तर घे. पण पहिलं वर्ष याच्यात आखूड, हलकी काडतुसं घाल. दोन हजार वेळा कागदावर झाड. पहिल्याच दिवशी पूर्ण दारूचा बार भरलास तर हात घाबरतो, आणि घाबरलेला हात डोक्याचं ऐकत नाही. चांगले चांगले गडी कायमचे बिघडलेत तसे."

"वर्ष नाहीये माझ्याकडे, मिल्ट."

मिल्टनं फडक्याचं टोक सरळ केलं. "कसा आहे तो?"

"कणसं सोलतोय."

 पुस्तकांच्या समासात वेंडेलनं स्वतःच दोनदा लिहून ठेवलं होतं, 'सुरुवातीला लहान घ्यावे'. तरी तो फॉर्टी-फोर घेऊन बाहेर पडला. जाणाऱ्या माणसाच्या हातात जे होतं तेच आपल्या हातात असावं, असं त्याला वाटलं, आणि असं कुठल्याच मासिकात लिहिलेलं नव्हतं.

ऑगस्टभर तो जुन्या खडीच्या खाणीत जाऊन पूर्ण बार झाडत राहिला. दर आठवड्याला छिद्रं ताटलीपासून लांब लांब जाऊ लागली. सप्टेंबरमध्ये एर्व्हिन बघायला आला. कॅम्पातल्या ऑर्विलनं त्याला पिकअपमध्ये बसवून आणलं. काच खाली, शेजारी हवेची टाकी. रिव्हॉल्व्हरची चक्री भरण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. कुठल्या घरात भरलेलं काडतूस, कुठल्या घरात झाडलेलं रिकामं, हे वेंडेलला सांगायचं नाही.

वेंडेलनं नळीच्या टोकावरची माशी ताटलीवर धरली, चाप ओढला. धडाम. पुन्हा ओढला. टक्. रिकाम्या घरावर घोडा पडला, आणि बार उडालेलाच नसताना नळीनं झपकन मान खाली घातली.

"चर्चमध्ये आलंय का ते?" ऑर्विल ओरडला. "किती नम्र!"

एर्व्हिन हसला नाही. "पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तेच. सहा आठवडे तेच. वेंडेलला वाटे, आपण घाबरत नाही. पण हात घाबरत होता. रात्री जेवताना काट्याचा आवाज झाला तरी मनगट आक्रसे.

ऑक्टोबरच्या शेवटी लोरेटाचा फोन आला. "तो काल दोनदा विचारत होता, वेंडेलची ताटली झाली का म्हणून. ते काय एवढं असतं रे त्या कागदाच्या ताटलीत?"

"काही नाही, लोरी."

"मग करून टाक ना लवकर."

त्या दुपारी वेंडेल तिच्याकडे गेला आणि तळघरात उतरला. काडतुसं भरण्याचं एर्व्हिनचं बाक तिथं होतं. एर्व्हिन आता जिना उतरत नव्हता. वर त्याचा खोकला ऐकू येत होता. फळीवर बंदुकीच्या दारूचे दोन डबे. एकावर एर्व्हिनच्या अक्षरात 'हरीण', दुसऱ्यावर 'कागद'. दुसऱ्या डब्याची मोजदाद शेजारी खडूनं लिहिलेली, हलकी, नुसत्या नेमबाजीपुरती. वेंडेलनं बराच वेळ हात बाकावर ठेवला. मग दुसरा डबा उघडला. पितळी नळकांडी तीच, वरची शिशाची गोळी तीच. बाहेरून ओळखू येण्यासारखं काहीच नव्हतं. त्यानं पन्नास काडतुसं भरली आणि ती हरणाच्या काडतुसांच्या खोक्यात घातली. खोक्याचं झाकण लावताना त्याला आपल्या बोटांची लाज वाटली. ती आता मुळीच थरथरत नव्हती.

पुढचे दहा दिवस त्यानं एकट्यानं खाणीत ती हलकी काडतुसं झाडली, मागच्या खाचेचा स्क्रू फिरवून नेम जुळवला. हात हळूहळू शांत झाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी एर्व्हिन पुन्हा पिकअपमध्ये बसून आला. गुडघ्यांवर दोन घोंगड्या. ऑर्विलनं त्याच्या कानांवर झाकणं चढवली, ती त्यानं काढून मांडीवर ठेवली. त्याला उजव्या कानानं कमीच ऐकू येई.

वेंडेलनं चाळीस पावलं मोजली, ताटली लावली, परत आला. सहा वेळा चाप ओढला. घाईत नाही, दोन्ही हातांनी, श्वास सोडत. ऑर्विल धावत जाऊन ताटली घेऊन आला.

"सहा! अरे सहाच्या सहा! हा बघ, हा काठावरचा, पण आत आहे!"

एर्व्हिननं ताटली हातात घेतली. एकेका छिद्रात करंगळीचं टोक घालून पाहिलं. मग वेंडेलकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"धूर," तो म्हणाला. "पेन दे."

त्यानं सही केली, तारीख घातली. वेंडेलला वाटलं, आता सांगावं. आत्ताच. तोंडही उघडलं.

"थंडी वाजतेय मला," एर्व्हिन म्हणाला. "ऑर्विल, ताटली माझ्याकडे राहू दे. भिंतीवर लावायला मी देईन तुझ्याकडे."

तो गेला शिकारीचा मोसम सुरू व्हायला अकरा दिवस उरले असताना, सकाळी, लोरेटा दलिया गरम करत होती तेव्हा. दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड होतं. चार माणसांनी येऊन वेंडेलच्या पाठीवर थाप मारली. "त्याची ताटली झाली हो, एर्व्हिननं पाहिली." लोरेटानं त्याचा हात धरून सांगितलं, "त्या रात्री तो नीट झोपला." वेंडेलनं हातातलं सँडविच न खाता परत ठेवून दिलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार, मोसमाचा पहिला दिवस. गावात शाळा बंद, डोंगरभर शिकाऱ्यांचे नारिंगी कोट. उजाडायच्या आधी वेंडेल बीचच्या बुंध्यावर येऊन बसला. चक्रीत सहा काडतुसं होती, एर्व्हिननं गेल्या हिवाळ्यात स्वतः भरलेली, पूर्ण बाराची, हरणाची. खाचेचा स्क्रू त्यानं पूर्वीच्या खुणेवर आणला होता. बुंध्यावर एका जागी साल घासून गुळगुळीत झाली होती. तिथं एर्व्हिन बसायचा. वेंडेल तिच्या बाजूला सरकून बसला.

साडेआठला नर आला. रुंद, आठ टोकांच्या शिंगांचा, मानेवर पांढरा पट्टा. खाली नाक लावून माद्यांचा माग काढत तो पंचवीस पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. याहून सोपी जागा अठ्ठावीस वर्षांत एर्व्हिनलाही चार-दोनदाच मिळाली असेल. वेंडेलनं दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर उचललं. घोडा मागं ओढला. माशी खांद्यामागं बसली.

आणि मनगट आक्रसलं.

नळीनं अजून मान खाली घातली नव्हती, पण घालणार हे त्याला ठाऊक होतं, जसं पत्र चुकीच्या खणात पडताना आवाजावरून ठाऊक होई तसं. गोळी पोटात लागली असती. मग रक्ताचा माग, ओढा, दुसरा डोंगर, आणि कुठंतरी झुडपात ते जनावर दिवसभर मरत पडलं असतं. गोळी हुकली तर शर्टाचं शेपूट कापतात. याला काय कापणार होते?

नरानं डोकं वर केलं, कान हलवले. वेंडेल त्याच्याकडे बघत बसला, अंगठ्यानं घोडा धरून. किती वेळ गेला कळलं नाही. मग नर वळला आणि घाई न करता पलीकडे उतरून गेला. वेंडेलनं घोडा हळूच खाली सोडला, सहाही काडतुसं काढून खिशात टाकली, आणि त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवून बसला. रडावं असं त्यानं ठरवलं नव्हतं.

दुपारी कॅम्पात ऑर्विल एकटाच शेगडीवर बीन्सचं सूप ढवळत होता.

"तुझ्याकडून काही आवाज आला नाही. दिसलं नाही का काही?"

"दिसलं. आठ टोकांचा. पंचवीस पावलं."

"मग?"

 वेंडेल डाव्या भिंतीपाशी गेला. एकोणतिसावी ताटली ओळीच्या शेवटी होती, नवीकोरी पांढरी, खाली एर्व्हिनची वाकडी सही. त्यानं खिशातल्या चाकूनं खिळा उचकटला.

"काय करतोस रे?"

"ही खोटी आहे, ऑर्विल. कागदाच्या दारूची काडतुसं होती. मी त्याला फसवलं. तो बिचारा—"

"उलटी कर," ऑर्विल म्हणाला. त्यानं पळी खाली ठेवली होती.

"काय?"

"ताटली. ठोकताना दिसलं मला. एर्व्हिननं बजावलं होतं, वेंडेलनं स्वतः काढली तरच दाखव. हरीण मारलंन तर जाळून टाक."

वेंडेलनं ताटली उलटी केली. मागं पेननं लिहिलं होतं. पेन दोनदा अडखळलं होतं, कागदाला भोक पडलं होतं.

'हलका बार. ऐकू आलं. मला घाई होती म्हणून सही केली. तुला घाई नाही.'

वेंडेलनं ते पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. सूप उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं, तरी ऑर्विल जागचा हलला नाही.

"शेपूट कापायचं का माझं?" वेंडेलनं विचारलं.

"गोळीच झाडली नाहीस. कशाचं कापू?"

वेंडेलनं खिसे चाचपले. खिळा खाली पडला होता. ऑर्विलनं वाकून शोधून दिला. ताटली पुन्हा त्याच जागी, ओळीच्या शेवटी लागली, मागची बाजू पुढे करून, म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्याला वाचता यावी. ठोकताना हातोडीच्या प्रत्येक घावाला वेंडेलचं मनगट आक्रसत होतं. तो थांबला, श्वास सोडला, आणि मग पुढचा घाव घातला.