पँगचे पैसे

आन्याने हिसका दिला तसा पाना बॅटरीच्या नटावरून निसटला आणि तिची बोटं पत्र्यावर आपटली. ती ओरडली नाही. बोटं तोंडात धरून नुसती उभी राहिली.

"दाखव बघू," चहाचा कप गराजमधल्या फ्रीझरवर ठेवत शुभा म्हणाली.

"आय'म फाइन, आई."

फाइन! प्रताप गेल्यापासून या घरात मायलेकी दोघीही फाइनच होत्या. त्याची गाडी तेवढी खरं बोलत होती; जानेवारीपासून तिने चालू व्हायचं नाव घेतलं नव्हतं.

शुभा आज ठरवूनच गराजमध्ये आली होती. ट्रॉय गावातल्या ओळखीच्या मराठी घरांतून पोरांच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे पेढे वाटून झाले होते. आन्यालाही मिळाली होती, चांगल्या युनिव्हर्सिटीत. आणि ही बया म्हणते, कम्युनिटी कॉलेजात गाड्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स करणार! बापाने जन्मभर गाड्यांची डिझाइनं केली आणि लेक ऑइल बदलणार. लोकांचं एक वेळ जाऊ दे, पण शुभाच्याच गळ्याखाली ते उतरत नव्हतं.

"परत एकदा सांग मला," ती म्हणाली. "नीट सांग. मी चिडणार नाही."

"तू ऑलरेडी चिडलीयेस."

"सांग गं."

आन्याने फडक्याला हात पुसत सांगितलं. दोन वर्षांच्या कोर्सचं लोन म्हणजे जेमतेम एका सेकंडहँड गाडीची किंमत. शिकता शिकता रिपेअर शॉपमध्ये काम मिळतं. सुरुवातीला पगार बेताचा, आणि टूल्स ज्याची त्याने घ्यायची, ती महाग. पण बाबाची होतीच की सगळी. युनिव्हर्सिटीत गेलं तर तिशीपर्यंत हप्ते.

"मग इंजिनिअरचा पगारही बघ ना!"

"बघितला. खूप जास्त आहे. बट इट्स टू लेट, आई. चार वर्षं मी काहीच पे करू शकणार नाही."

"कुणाला पे करायचंय तुला? घराचं लोन इन्शुरन्समधून संपलं. हॉस्पिटलची बिलंसुद्धा संपली."

आन्याने फडक्याची घडी घातली, परत मोडली.

"पँगचे पैसे," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"मिस्टर पँग. हॉस्पिटलमध्ये बाबा देवदत्त काकांना सांगत होता ना, 'आन्या पँग फेडणार, बघ तू.' मी काकांना विचारलं, फेडणं म्हणजे काय. ते म्हणाले, लोन पे ऑफ करणं. मी बाबाच्या फोनमध्ये शोधलं. त्याच्या ऑफिसमध्ये दोन पँग आहेत. आय डिडन्ट नो हाऊ टू आस्क देम."

शुभा आधी तिच्याकडे बघतच राहिली आणि मग तिला हसू फुटलं. जानेवारीपासूनचं पहिलं हसू, तेही असं पोटातून आलं की तिला फ्रीझरचा आधार घ्यावा लागला. हसता हसता ती कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही.

"अगं वेडे, पांग! पांग म्हणजे माणूस नाही गं. आईबाप पोरांसाठी खस्ता खातात. मग पोरांनी नाव काढलं, काही चांगलं केलं, की आईबापांचे पांग फेडले म्हणतात. बोलायची रीत आहे ती."

"सो नो मनी?"

"एक पैसा नाही."

"ओह," आन्या म्हणाली.

"मला का नाही विचारलंस, सोन्या?"

"तू रोज रडायचीस. त्यात मी हे कसं विचारू?"

नळ सोडून बाथरूममध्ये रडलं की पोरीला ऐकू जात नाही, असं शुभाला वाटत होतं. तिने पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे पुसले.

"बरं, असू दे. अजून काही बिघडलं नाही. आजच्या आज युनिव्हर्सिटीला हो कळवून टाक."

आन्याने पाना उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"आन्या?"

"मी त्यांना नो सांगितलं. लास्ट वीक."

"मग फोन कर! सांग, चूक झाली म्हणावं."

"केला ना. नेक्स्ट डेलाच. दे गेव्ह इट अवे."

नेक्स्ट डेलाच! म्हणजे पोरीला जायचं होतं. शुभाला प्रतापचा राग आला, देवदत्तचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पोरीला मराठी यावं म्हणून दर रविवारी शाळेत नेऊन सोडली, जोडाक्षरं घोटून घेतली, आणि हा एवढा एक शब्द सांगायचा राहून गेला.

"पुढच्या वर्षी परत अप्लाय कर," ती कशीबशी म्हणाली.

"बघू," आन्या म्हणाली, अगदी प्रताप म्हणायचा तसं. "आधी ही तरी संपवू दे."

ती पुन्हा वाकली. शुभाने न सांगता बॅटरीवर उजेड धरला. या वेळी पाना निसटला नाही. आन्याने नट आवळला, बॅटरी हलवून पाहिली आणि जाऊन गाडीत बसली. सीट प्रतापच्या उंचीइतकी मागे सरकवलेली होती. तिचा पाय ब्रेकपर्यंत पुरेना, पण तिने सीट पुढे घेतली नाही. तशीच खाली घसरून बसली आणि किल्ली फिरवली.

गाडी एकदा खोकली, आणि चालू झाली.

"आई! बघ!" आन्या खिडकीतून ओरडली. तिच्या गालाला काळं लागलं होतं. "बॅटरी फिट बसली!"

"फिटले," शुभा म्हणाली.

"काय?"

"फिटले गं."

"फिटली, आई," आन्या हसून म्हणाली. "ती बॅटरी ना? मला नेहमी करेक्ट करतेस आणि स्वतः बघ."

"हो गं," शुभा म्हणाली. "चुकलं माझं."