मोजणीचा आठवडा

सही मी केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी पुण्या-मुंबईच्या लोकांवर चिडलो तर त्यातला माझा वाटा तुम्ही मला द्याल.

मेडशीच्या अलीकडे आमचं हंगामी वसतिगृह आहे. तांड्यांवरचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा त्यांची साठ पोरं आमच्याकडे राहतात. नाहीतर तीही फडात जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. वीस वर्षं हे मी मागून-मागून चालवलं. कुणी गहू दिला, कुणी जुन्या चादरी. शेलूबाजारचे दौलतराव दरवर्षी तूरडाळ द्यायचे आणि सोबत तासभर उपदेश. दोन्ही पचवलं.

दोन वर्षांपूर्वी नवीनसाहेब आले. पुण्याचे, गोड बोलणारे. म्हणाले, "गुरुजी, दान किती दिवस मागणार? आता सामाजिक गुंतवणूक आहे." म्हणजे असं, की मुंबईचा एक गुंतवणूकदार आधी पैसे लावणार. पोरं टिकली, तर एक मोठं प्रतिष्ठान त्याला ते पैसे वर नफा देऊन परत करणार. नाही टिकली, तर त्याचे बुडाले आणि आमचं काम तिथंच थांबलं. टिकली की नाही ते ठरवायला एक आठवडा नेमायचा. त्या आठवड्यात साठातली अठ्ठेचाळीस पोरं रोज हजर पाहिजेत.

यंदाच्या तारखा पुण्यात त्यांच्या थंडगार खोलीत ठरल्या. पडद्यावर आमच्यासारख्या संस्थांच्या उणिवा लिहिल्या होत्या. पहिलीच उणीव, सणावारांमुळे गैरहजेरी. मग नवीनसाहेबांनी कॅलेंडर दाखवलं. होळी आणि धुळवड असे दोन दिवस लाल, तिसऱ्या दिवसापासून मोजणी. "चालेल ना, गुरुजी?"

चालणार नव्हतं. तांड्याची होळी दोन दिवसांत संपत नाही, हे वीस वर्षं धुंडीचं जेवून आलेल्या मला नाही तर कुणाला ठाऊक? वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्याची होळीत धुंड करतात. गडीमाणसं गात, काठीवर काठी वाजवत त्याला आशीर्वाद देतात, घरोघरी जेवणं होतात. त्यासाठी माणसं पाचशे किलोमीटरवरून फड सोडून येतात आणि चार-सहा दिवस आपली लेकरं जवळ घेतात. पण ती पडद्यावरची ओळ वाचून माझी दातखीळ बसली. वाटलं, आता सणाचं नाव काढलं तर हा म्हातारा कामाचा नाही म्हणतील. म्हणालो, "चालेल की," आणि तारखांच्या कागदावर सही केली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

मोजणीच्या आदल्या दिवशी वसतिगृहात चोवीस पोरं होती. मी मोटारसायकल काढली आणि तांडे पालथे घातले. कुणाला हात जोडले, कुणावर ओरडलो. सतरा जण परत आणले. दिवस कलताना खेमाच्या तांड्यावर पोचलो. तिथली सात आली की अठ्ठेचाळीस भरत होते.

खेमाची मंजू सातवीत, वर्गात पहिली. आई तिच्या डोक्याला तेल लावत होती. मला पाहताच ती अर्ध्या वेणीनं उठली आणि दप्तर घेऊन आली. बाकीची सहा पोरं तिच्याकडे बघत उभी राहिली. ती निघाली की तीही निघणार. तिचा आठ महिन्यांचा भाऊ करण नवं झबलं घालून खाटेवर बसला होता. धुंड दुसऱ्या दिवशी होती.

"दोन पोरीइवर हे पोट्टं झालं, गुरुजी," खेमा म्हणाला. "मी नाही म्हनत नाही. तुमी म्हनसान तं नेऊन टाका. पन तिची माय चार महिन्यानं पोरीले पाहून राह्यली."

आईनं तेलाचा हात पदराला पुसला. मी नुसतं "चल" म्हणायचं होतं. म्हणालो, "राहू दे. धुंड झाल्यावर ये." वाटलं, पुण्याचीही माणसंच आहेत, समजून घेतील.

मोजायला आलेले दोघं भले होते. आमच्या स्वयंपाकवाल्या ललिताबाईंच्या हातची भाकर खाल्ली, तोंडभर कौतुक केलं आणि एक्केचाळीस लिहून गेले. सात कमी. नवीनसाहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते खरोखर हळहळले. "मला कळतंय, गुरुजी. पण तारखा तुम्हीच मान्य केल्या होत्या. गुंतवणूकदाराला मी काय दाखवू?" मग दौलतरावांचं दार गाठलं. "दोन वर्सं फिरकले नाही तुमी," ते म्हणाले. "तुमच्यामागं मुंबईवाले हायेत, आमची दाळ कायले पायजे?" डाळ त्यांनी दुसरीकडे देऊन टाकली होती. चुकलं त्यांचंही नाही, आणि याचाच मला जास्त राग आला.

पुढचा हप्ता थांबला. परीक्षेला महिना होता आणि कोठीत आठ दिवसांचं धान्य.

तशात खेमा आला. फडावर परतणारी गाडी रस्त्यावर उभी होती. मंजूबरोबर त्यानं धाकट्या मुलीलाही आणलं होतं.

"हिलेबी ठेवून घ्या, गुरुजी. मंजूनं करनचं लसीचं कार्ड वाचलं, तवा समजलं का डोस चुकला म्हून. पोरी शिकल्याच पायजे."

दोन वर्षं मी या माणसाच्या मागे लागलो होतो, धाकटीला पाठव म्हणून. आता ती स्वतःची पिशवी छातीशी धरून माझ्यासमोर उभी होती. मी सांगितलं, वसतिगृह बंद होतंय. खेमानं विचारलं, "काहून?" मी म्हणालो, मोजणीत सात पोरं कमी भरली. आकडा सांगायलाच नको होता.

तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. "असं व्हय," एवढंच म्हणाला. "मंग दोघीले संगच नेतो."

मंजू जागची हलली नाही. "सात, गुरुजी?"

"हो, बाई."

"आमच्या तांड्याचे आमी सातच व्हतो."

"चूक माही हाय, मंजू. सही म्या केली. तुले राहू दे, मीच म्हनलं."

"मी दप्तर घेतलं व्हतं," ती म्हणाली. "मीनं याले पायजे व्हतं."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. ती मान हलवत राहिली. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. गाडीत बसल्यावर आईनं करणला तिच्या मांडीवर दिलं. मंजूनं त्याला घट्ट धरलं, पण गाडी वळेपर्यंत एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.