बहिऱ्या आत्याचा सत्कार

मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मांडव पडला होता तो सत्यशीला वाव्हळे हिच्या सत्कारासाठी. पण हे नाव निम्म्या गर्दीला ठाऊकसुद्धा नव्हतं. लोक आले होते टीव्हीवरच्या बहिऱ्या आत्याला बघायला. साल अठ्ठ्याऐंशी. टीव्ही गावात एखाद-दुसरा, पण आत्या घराघरांत पोचलेली. कुणी काहीही सांगो, आत्या कानामागं तळहात धरणार, मान तिरपी करणार आणि म्हणणार, “जेवले की माय, तू जेवलीस का?” चोर शिरला म्हणून सांगा, पोरगी पळाली म्हणून सांगा, उत्तर तेच. लोक पोट धरधरून हसायचे.

आता खरं सांगायचं, तर ही आत्या सत्यशीलानं घडवली नव्हती, घरातून उचलली होती. मुंबईला नाटक कंपनीत तिला मोलकरणीच्या चार वाक्यांपलीकडं कुणी काही देत नव्हतं. एका प्रयोगाला थिएटर ढिम्म बसलं, तिच्या वाक्यावर कुणी हसेना, तेव्हा घाबरून तिनं सरळ आईची नक्कल ठोकून दिली, तिच्या त्या नेहमीच्या वाक्यासकट. हशा असा उसळला की नाटकाचा नायकच पुढचं वाक्य विसरला. मग आत्या नाटकात वाढली, तिथून टीव्हीवर गेली. ही बाई सुचली कुठून, असं मुलाखतीत कुणी विचारलं की सत्यशीला बेधडक सांगायची, “निरीक्षण!”

आणि आई, धुरपताबाई, काही जन्माची बहिरी नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा तिच्या कानशिलावर काठी बसली. मारणारा परका नव्हता, रोज दारावरून जाणारा होता. दुसरा कान पुढं हळूहळू गेला, अगदी जवळून ओरडलं तरच काही पोचायचं. हे सत्यशीलानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. तरी त्याच कानावर ती सहा वर्षं टाळ्या घेत होती. लाज वाटायची तिला, नाही असं नाही. पण वाटली की ती स्वतःची समजूत घालायची: आई तिकडं झरीजवळच्या खेड्यात, तिला कुठं कळतंय!

आज ती आई पहिल्या रांगेत बसली होती. सत्कार समितीचे दत्तराव मोठे हौशी, त्यांनी जीप पाठवून म्हातारीला परस्पर आणलं होतं, आणि ती खरंच बहिरी आहे हे मांडवभर झालं होतं.

हार झाला, शाल झाली. दत्तराव माइकवर म्हणाले, “ताई, आता ते आत्याचं होऊन जाऊ द्या!” मांडव गरजला. घसा बसलाय म्हणावं, डोकं उठलंय म्हणावं, दहा बहाणे सत्यशीलाच्या जिभेवर आले. पण दोन हजार माणसं हसायला तयार होऊन बसली की नटीची नियत फिरते. हात आपोआप कानामागं गेला. मान तिरपी झाली. आणि ती ते वाक्य म्हणून मोकळी झाली.

मांडव कोसळायचा तेवढा बाकी राहिला. धुरपताबाईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि सगळे हसतायत म्हणून तीही हसली, सगळ्यांच्या नंतर. सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दत्तरावांचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी म्हातारीला हाताला धरून वर आणलं, माइक तोंडाशी नेला आणि लोकांकडं बघून डोळा मिचकावत विचारलं, “काय आई, लेकीचं कौतुक वाटतं का?” सगळा मांडव श्वास रोखून त्या वाक्याची वाट बघू लागला. धुरपताबाईनं तोंडाला पदर लावला आणि मान खाली घातली. एक शब्द बोलली नाही. लोक हिरमुसले, मग चहाकडं वळले.

ऊन उतरताना जीप निघाली. पुढं ड्रायव्हर आणि दत्तराव, मागं मायलेकी. मानवत मागं पडल्यावर धुरपताबाई आपणहून बोलली.

“तुला वाटलं, मला कळंना. आगं, ऐकू येत न्हाई, दिसतंय तर समदं. पंचायतीत टीवी लावतेत, म्या तवाच वळखलं.”

सत्यशीलानं खांद्यावरची शाल काढून मांडीवर ठेवली.

“आता पोट्टे मुद्दाम इचारायलेत, हसायला. म्हनून म्या बोलनंच सोडलं.” ती बाहेरच्या कापसाकडं बघत राहिली. “आदी कसं व्हतं, कोन काय म्हनायलंय ते कळायचं न्हाई. मग म्या मनानंच धरायचे, मानूस भला आसंल, जेवन झालं का म्हनून इचारायला आसंल. लय बरं वाटायचं माय.”

सत्यशीलाचे डोळे भरून आले. “आई, चुकलं माझं,” ती पुटपुटली.

“काय म्हनलीस?” धुरपताबाई तिच्याकडं वाकली. “जोरात बोल की.”

शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवणारी ही बाई. पण जोरात म्हणायचं, तर पुढं दत्तराव ऐकणार होते. काही नाही, अशी तिनं नुसती मान हलवली.